मालकी त्यांची, किल्ल्या सरकारकडे?

बेंडिगोकर

गेल्या महिन्यात ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी बार्माच्या जंगलात जाऊन आलो. रेड गम जातीच्या जुनाट निलगिरी, पुराच्या पाण्यावर जगणारं रान. ही योर्टा योर्टा या आदिवासी लोकांची भूमी. त्यांनी १९९४ साली तिच्यावर हक्काचा दावा लावला. १९९८ साली न्यायाधीश म्हणाले, तुमची परंपरा 'इतिहासाच्या लाटेत' वाहून गेली. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी साक्षींपेक्षा त्यांना १८४० च्या दशकात तिथे मेंढ्या चारणाऱ्या एका गोऱ्याचं लिखाण जास्त खरं वाटलं! २००२ साली हायकोर्टानंही (तिकडे हायकोर्ट हेच सर्वोच्च) तेच कायम केलं. पुढे २०१० साली बार्मा राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच लोकांना व्यवस्थापन मंडळावर बसवलं. हक्क नाही, खुर्ची घ्या.

जिथे सातबारा त्यांच्या नावावर आहे तिथे तरी काय? उलुरू हा वाळवंटातला प्रचंड खडक १९८५ साली तिथल्या अनंगू लोकांना परत दिला, तो लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं उद्यान खात्याला देण्याच्या अटीवर. उत्तरेतल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानातही तोच पट्टा. तिथल्या मंडळावर अ‍ॅबोरिजिनल सदस्यांचं बहुमत आहे, तरी २०१९ साली गुनलोम धबधब्यापाशी जावोयन लोकांच्या पवित्र जागेजवळून खात्यानं पायवाट बांधली, आवश्यक दाखला न घेता. माझं मत: नकाराधिकार आणि पैसा हातात नसेल तर 'संयुक्त व्यवस्थापन' हा शब्द फलकावरच शोभतो.

सरळमार्गी

नकाराधिकार कुणाविरुद्ध, हेही सांगा की. बार्माचं उद्यान झालं तेव्हा लाकूडतोड थांबली, गुरचराई थांबली. नदीकाठच्या गावांत गिरणीवर पोट असलेली माणसं होती, त्यांच्याही चार-पाच पिढ्या तिथेच गेल्या. त्यांना कुठल्या मंडळावर घेतलं? व्हिक्टोरिया राज्यातला अरापिलीसचा डोंगर बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अचानक आराखडा आला की आदिवासी वारसा जपण्यासाठी गिर्यारोहणाच्या निम्म्याच्या आसपास वाटा बंद. पायथ्याचं नॅटिमुक गाव गिर्यारोहकांवर चालतं. आधी कुणी त्यांच्याशी धड बोललंही नव्हतं. सरकारी जंगल सगळ्यांचं. जन्मावरून कुणाचं मत जड धरायचं हे मला पटत नाही, मग ते गोरे असोत की काळे.

बेंडिगोकर

नॅटिमुकचं मान्य, ती पद्धत चुकलीच. पण आराखडा खात्यानं काढला ना? शिव्या मात्र आदिवासींना. मी म्हणतो ती गोम हीच.

आग्यावेताळ

मालकीवर भांडा, पण कामाचंही बोला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर स्थानिक रेंजर कोरडा हंगाम सुरू होतानाच छोट्या, थंड आगी लावतात. गवत पट्ट्यापट्ट्यानं जळतं, मग हंगामाच्या शेवटी वणवा भडकला तरी त्याला पसरायला सलग चारा मिळत नाही. धूर कमी, कार्बन कमी सोडल्याचे पैसे, आणि म्हातारी माणसं पुन्हा आपल्या कातळांवर. हे ज्ञान नकाशावाल्यांकडे नव्हतं.

सरळमार्गी

वेताळभाऊ, ते सव्हाना, म्हणजे मोकळं गवताळ रान. व्हिक्टोरियातल्या ओल्या, उंच जंगलात, जिथे दोन टेकड्यांपलीकडे वस्ती आहे, तिथे तोच काडेपेटीचा प्रयोग कराल? २०१९-२० च्या वणव्यांनंतर जो तो 'पारंपरिक आग' म्हणत सुटला.

आग्यावेताळ

तीच काडी नाही चालणार, बरोबर. म्हणूनच कुठल्या रानात जाळायचं नाही हे माहीत असलेला माणूस लागतो. आणि परंपरा म्हणजे सगळं सोडून द्या असंही नाही. बार्मातले रानटी घोडे मोइरा गवत तुडवतात, ते हटवा असं योर्टा योर्टाच म्हणतात. विरोध कोणाचा? घोडे म्हणजे आमचा वारसा म्हणणाऱ्यांचा. पिढ्यांचाच हिशोब करायचा तर घोडा त्या नदीवर कालचा पाहुणा.

झाडीपट्टी

गडचिरोलीतून लिहितोय. बेंडिगोकर, तुमचा तो पट्टा वाचून आमची मेंढा-लेखा आठवली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हातात आला. पण बांबू तोडला तरी तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं, तेही केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री स्वतः गावात आले तेव्हा. सरळमार्गी, ग्रामसभेनं मग रान विकून नाही खाल्लं. काकाडूत हे परवान्याचं पुस्तक कुणाकडे असतं?

बेंडिगोकर

राष्ट्रीय उद्यानांच्या संचालकाकडे, राजधानी कॅनबेराच्या. गुनलोमच्या पायवाटेचा खटला त्यांच्यावरच होता. सरकारी पदाला पवित्र जागांचा कायदा लागूच होत नाही असा त्यांचा बचाव, आणि खालच्या कोर्टात तो टिकलासुद्धा. २०२४ साली हायकोर्टानं उलटवला.

सरळमार्गी

म्हणजे कायद्यानं काम केलं.

झाडीपट्टी

पाच वर्षांनी. पायवाट तर २०१९ लाच बांधून झाली होती.