चर्चा : कपमध्ये लांब मजल मारणं छोट्या क्लबला परवडतं का?

दारव्हा_सेंटरहाफ (धागा सुरू करणारे)

एफए कप म्हणजे इंग्लंडच्या छोट्या-मोठ्या क्लबांची हरला की बाहेर अशी स्पर्धा. जानेवारीत तिची तिसरी फेरी लागते. प्रीमियर लीगचे (सगळ्यात वरच्या पायरीचे) संघ तेव्हाच उतरतात, आणि पाचव्या-सहाव्या पायरीवरचा एखादा क्लब त्यांच्यासमोर आला की आपल्याकडचे फुटबॉलवाले एकच म्हणतात, क्लबचं सोनं झालं. मला हे पटत नाही.

2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तोच भाव धरून ज्यांनी पुढच्या सालासाठी हप्ते बांधून घेतले, त्यांची गत आपल्या भागात सगळ्यांनी पाहिली आहे. कपचा पैसा तसाच. यंदा आला, पुढच्या साली पहिल्याच फेरीत गारद. खेळाडूचा पगार मात्र करारानं ठरतो आणि करार दोन-दोन सालांचे असतात. जानेवारीत खात्यात रक्कम दिसली की मॅनेजर नवा स्ट्रायकर मागतो, समर्थकही मागतात, आणि अशा वेळी संचालकाच्या तोंडून नाही निघत नाही.

शिवाय आलेला पैसा सगळा हातात राहत नाही. सामना घरी असेल तर किती प्रेक्षक घ्यायचे हे सुरक्षेची परवानगी देणारे ठरवतात. जादा गर्दी हवी तर तात्पुरते स्टँड भाड्यानं आणा, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी मचाण बांधा, दिवे वाढवा, स्टुअर्ड (गर्दी सांभाळणारी माणसं) दुप्पट ठेवा. पोलिसांचं बिल वेगळं. खेळाडूंच्या करारात कपचा बोनस असेल तर तो बहुतेक वेळा फेरीगणिक चढता असतो.

वरूड_विंगर

दारव्हाभाऊ, एक्सेटर सिटीचं काय मग? 2003 मध्ये समर्थकांच्या ट्रस्टनं क्लब हाती घेतला तेव्हा डोक्यावर देणी होती आणि संघ लीगमधून (वरच्या चार पायऱ्यांतून) घसरून पाचव्या पायरीवर आला होता. 8 जानेवारी 2005 ला त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर 67,551 लोकांसमोर मँचेस्टर युनायटेडला 0-0 असं रोखलं. रिप्ले (बरोबरीनंतरचा फेरसामना) घरी झाला, तो 0-2 हरले. पण दोन्ही सामन्यांच्या गेटचा (तिकीटविक्रीचा) वाटा आणि टीव्हीचा पैसा आला, त्यातून जुनी देणी फिटली. 2008 मध्ये क्लब परत लीगमध्ये, 2009 मध्ये आणखी एक पायरी वर. क्लब आजही ट्रस्टचाच आहे. एवढं होऊनही परवडत नाही म्हणायचं?

पुसद_हिशेबनीस

दोघांनीही गेटच्या वाटपाचा हिशेब मांडलेला नाही. सगळा फरक तिथं पडतो.

इंग्लंडच्या लीगमध्ये गेटचा पैसा यजमान क्लबच ठेवतो. एफए कपच्या मुख्य फेऱ्यांत वर्षानुवर्षांची रीत वेगळी आहे : कर आणि सामन्याचा खर्च वजा करून उरलेल्यातले 45 टक्के यजमानाला, 45 टक्के पाहुण्याला आणि 10 टक्के सामाईक निधीत. म्हणून मोठ्याच्या मैदानावर खेळायला जाणं हीच छोट्या क्लबची कमाई.

समजा 60,000 प्रेक्षक आणि सरासरी तिकीट 20 पौंड. जमा 12 लाख. त्यात 20 टक्के व्हॅट धरलेला असतो, तो काढला की 10 लाख. खर्च 2 लाख गेला, उरले 8 लाख. छोट्याच्या हातात 3 लाख 60 हजार पौंड. आता तोच सामना छोट्याच्या घरी धरा, 5,000 प्रेक्षक. जमा 1 लाख, व्हॅट काढून साधारण 83 हजार, खर्च जाऊन समजा 70 हजार. वाटा 31,500. अकरा पटींहून जास्त फरक. ड्रॉ (कोण कोणाशी, कोणाच्या मैदानावर याच्या चिठ्ठ्या) निघताना प्रशिक्षकाला घरचा सामना हवा असतो आणि खजिनदाराला बाहेरचा. दोघांचंही बरोबर असतं.

गेटशिवाय बक्षिसाची रक्कम असते. 2023-24 मध्ये पहिली फेरी जिंकल्यावर 41 हजार पौंड, दुसरीला 67 हजार, तिसरीला 1 लाख 5 हजार, चौथीला 1 लाख 20 हजार. त्याच साली सहाव्या पायरीवरच्या मेडस्टोन युनायटेडनं या चारही फेऱ्या काढल्या, चौथीत इप्सविचला त्यांच्याच मैदानावर 2-1 नं हरवलं. नुसत्या या चार फेऱ्यांच्या बक्षिसाची बेरीज 3 लाख 33 हजार पौंड.

घरच्या सामन्याचा एक फायदा मात्र लोकांच्या नजरेतून सुटतो. सीझन तिकिटात कपचे सामने बहुधा धरलेले नसतात, त्यामुळे नेहमीच्या प्रेक्षकालाही वेगळं तिकीट काढावं लागतं. हुशार क्लब कपच्या तिकिटासाठी आधीच्या लीग सामन्याचा अर्धा फाडलेला तुकडा दाखवायला लावतात. म्हणजे त्या एरवीच्या रिकाम्या शनिवारीही फाटकावर रांग.

दारव्हा_सेंटरहाफ

हिशेब मान्य. पण मेडस्टोन त्या साली वर चढलं का? नाही. पुढचा सीझनही सहाव्या पायरीवरच खेळलं.

हे काहून होतं ते सांगतो. ज्या शनिवारी कप, त्या शनिवारचा लीग सामना पुढे ढकलला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत असे दोन-तीन सामने साचतात. त्यात गोठलेलं किंवा पाण्यानं भरलेलं मैदान एखाद-दोन सामने आणखी खातं. ही सगळी थकबाकी मार्च-एप्रिलमध्ये मंगळवार-शनिवार, मंगळवार-शनिवार अशी फेडावी लागते. त्या पायरीवरचे पुष्कळ खेळाडू दिवसा नोकरी करतात. संध्याकाळी पाचला कामावरून सुटून दोन-तीन तास बसमध्ये बसायचं आणि उतरल्या उतरल्या धावायचं, तर मांडीमागचा स्नायू पहिला जातो. संघ 18 जणांचा. तिघं लंगडले की बेंचवर पोरं बसवावी लागतात.

उसना घेतलेला खेळाडू कपमध्ये खेळवायला त्याच्या मूळ क्लबची परवानगी लागते. त्याच कपमध्ये आधी दुसऱ्या संघाकडून खेळलेला असेल तर त्याला उतरवताच येत नाही. कपमध्ये थेट लाल कार्ड मिळालं तर बंदी लीगच्या सामन्यातही भोगावी लागते. आणि मंगळवारी रात्री गेटवर गर्दी कमी, कँटीनचा गल्ला कमी. एवढ्यानं संघ प्ले-ऑफच्या (वर चढण्यासाठीच्या शेवटच्या सामन्यांच्या) जागेतून दोन क्रमांक खाली आला तर मिळालेले साडेतीन लाख कशाला पुरतील?

कामठी_लेफ्टबॅक

काहून नाही पुरणार? लिंकन सिटी, 2016-17. पाचव्या पायरीवरचा क्लब. 18 फेब्रुवारी 2017 ला प्रीमियर लीगमधल्या बर्नलीला त्यांच्या घरी 1-0 नं पाडून उपांत्यपूर्व फेरीत गेला. लीगबाहेरच्या क्लबनं तिथवर पोचायची 1914 नंतरची ती पहिलीच वेळ. तिथं आर्सेनलनं 5-0 नं हरवलं. पण त्याच सीझनला लिंकननं आपली लीग जिंकली आणि वर गेले. म्हणजे सामने साचतात हे खरं, त्यानं लीग जातेच असं नाही. ब्रॅडफर्ड सिटी 2012-13 मध्ये चौथ्या पायरीवरून लीग कपच्या (इंग्लंडच्या दुसऱ्या कपच्या) फायनलला गेला, तिथं स्वान्सीकडून 0-5 नं हरला, साठच्या वर सामने खेळला आणि प्ले-ऑफ जिंकून वर चढला.

दुसरं म्हणजे, बक्षीस आणि गेट याच्या पलीकडची कमाई कोणीच धरली नाही. बर्नलीविरुद्ध 89 व्या मिनिटाला हेडर मारणारा लिंकनचा बचावपटू शॉन रॅगेट त्याच ऑगस्टमध्ये नॉर्विचनं विकत घेतला. कपचा सामना टीव्हीवर दिसतो, तिथं खेळाडूची किंमत ठरते. करार संपायला सहा महिने असलेला पोरगा डिसेंबरमध्येच नव्या कराराला बांधून ठेवा, पुढच्या विक्रीतला टक्का करारात लिहून घ्या. हे ड्रॉ निघाल्याबरोबर करायचं काम आहे. सामना झाल्यावर पोराचा एजंट ऐकत नाही.

धारणी_रेफ्री

कामठीभाऊ, मोठ्यांचीही उदाहरणं घ्या ना. पोर्ट्समथनं 2008 मध्ये एफए कप जिंकला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला, प्रीमियर लीगमधला असा पहिलाच क्लब. 9 गुण कापले गेले, संघ खाली उतरला. बर्मिंगहॅमनं फेब्रुवारी 2011 मध्ये आर्सेनलला हरवून लीग कप घेतला, मे महिन्यात खाली. विगननं 11 मे 2013 ला मँचेस्टर सिटीला 1-0 नं हरवून एफए कप उचलला, तीन दिवसांनी आर्सेनलकडून 4-1 नं हरून खाली. बर्मिंगहॅम आणि विगन या दोघांना पुढच्या साली दुसऱ्या पायरीवरून युरोपात खेळावं लागलं आणि दोघंही प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत अडकले.

पुसद_हिशेबनीस

पोर्ट्समथला कपनं नाही, पगारानं बुडवलं. उत्पन्नापेक्षा पगार मोठे होते, कप नसता मिळाला तरी ते बुडालेच असते. हे उदाहरण दारव्हाभाऊंच्या पहिल्या मुद्द्याचं आहे, धारणीभाऊंच्या मुद्द्याचं नाही. विगन-बर्मिंगहॅमचं मात्र खरं आहे. खाली उतरल्यानं गेलेला टीव्हीचा पैसा कपच्या कितीतरी पट असतो.

वरूड_विंगर

एक्सेटरची कमाई आज निम्म्यावर आली असती हेही लिहून ठेवा. 2024-25 पासून पहिल्या फेरीपासून पुढचे रिप्ले बंद केले. बरोबरी झाली की त्याच दिवशी जादा वेळ, मग पेनल्टी. मोठ्यांचा थकवा वाचला आणि छोट्यांचा दुसरा गेट गेला. मला हा निर्णय सरळ अन्याय वाटतो.

आणि मरीन विसरू नका. आठव्या पायरीवरचा क्लब, 10 जानेवारी 2021 ला टॉटनहॅम त्यांच्या घरी. कोरोनामुळे मैदान रिकामं, म्हणजे गेट शून्य. त्यांनी 10 पौंडांचं नुसतं नावाचं तिकीट ऑनलाइन विकलं, ज्यावर आत जाता येत नव्हतं. तीस हजारांच्या वर तिकिटं गेली, म्हणजे 3 लाख पौंडांच्या वर. सामना 0-5 हरले, क्लब तरला.

घाटंजी_गोली

राजेहो, आता आपल्या तालुक्याचा हिशेब करा. 26 जानेवारीच्या आसपासची स्पर्धा, पहिलं बक्षीस 51,000. संघ 16 आणि सोबत दोघं, म्हणजे 18. फायनलपर्यंत पाच सामने, प्रत्येक वेळी 70 किलोमीटर. दोन क्रूझरचं भाडं 4,500, जेवण माणशी 100 धरून 1,800. एका फेरीला 6,300, पाचाला 31,500. प्रवेश फी 2,500. टेप, स्प्रे, ओआरएस, पट्ट्या 3,000. झाले 37,000. आता बाहेरून आणलेले दोन खेळाडू, सामन्याला 1,500 प्रत्येकी, पाच सामन्यांचे 15,000. एकूण 52,000. कप जिंकूनही हजार रुपये खिशातून.

त्यात जानेवारी म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आणि तुरीची कापणी-मळणी. पोरगा सामन्याला गेला की शेतात त्याच्या जागी मजूर लागतो, ती मजुरी कोणाच्याच हिशेबात नसते. उपांत्य सामन्याला चार पोरं येत नाहीत ती याच कारणानं. नुकसान टाळायचं असेल तर बाहेरचे दोघं उपांत्य फेरीपासूनच आणा. तिथं 9,000 वाचतात आणि गावच्या पोरांना तीन सामने पुरे खेळायला मिळतात.

कामठी_लेफ्टबॅक

हे पटलं. पण जिंकलेल्या संघाला पुढच्या साली कृषी केंद्रवाला जर्सी देतो, सराफ बूट देतो. ते धरा की.

दारव्हा_सेंटरहाफ

देतो असं म्हणतो. म्हणून क्वार्टर फायनल जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जायचं आणि एका कागदावर घ्यायचं : 18 जर्सी, कोणत्या महिन्यात, आणि उपांत्य-फायनलच्या गाडीभाड्याचे 9,000 आत्ता रोख. त्या दिवशी त्यालाही नाव छापून हवं असतं. फायनलनंतर स्टेजवर फोटो निघतो, आणि जूनमध्ये पेरणीची गर्दी लागली की दुकानात त्याला आपल्याशी बोलायला सवड नसते.