'क्रिटिकल रिसेप्शन' म्हणजे स्वागत का? आणि 'टर्न'ला काय म्हणायचं?

शेवंती
आम्ही काही मैत्रिणी मिळून दिवाळी अंक काढतोय. त्यासाठी 'द बॅनर सागा' या संगणकावरच्या खेळावर लेख लिहायला घेतलाय. खेळ जानेवारी २०१४चा. बायोवेअर या खेळ बनवणाऱ्या मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या तिघांनी टेक्सासच्या ऑस्टिन शहरात स्टोइक नावाची छोटी कंपनी काढली. २०१२ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांनी लोकांकडे एक लाख डॉलर मागितले, आणि मिळाले सात लाखांच्या वर. गोष्ट अशी की देव मेलेत, सूर्य आकाशात एका जागी थबकलाय, आणि माणसं व शिंगं असलेले धिप्पाड वार्ल घरंदारं सोडून बर्फातून चालत राहतात.

अडलंय एका उपशीर्षकाशी. 'क्रिटिकल रिसेप्शन'साठी मी 'समीक्षकांनी केलेलं स्वागत' लिहिलं होतं. संपादन करणारी मैत्रीण म्हणाली, अर्ध्या परीक्षणांत लढायांबद्दल कुरकुर आहे, मग स्वागत कसलं? तिचं बरोबर आहे. हाताने काढलेली चित्रं, ऑस्टिन विंटरीचं संगीत, आपल्या निर्णयांनी माणसं खरोखर गमावण्याची भीती, हे बहुतेकांनी वाखाणलं. शत्रूंचे प्रकार मोजकेच, लढाया सारख्याच वाटू लागतात, हेही बऱ्याच जणांनी लिहिलं. दोन्ही मावेल असा एक शब्द हवाय. जाता जाता 'टर्न-बेस्ड'लाही, म्हणजे दोन्ही बाजू आळीपाळीने चाल करतात त्या प्रकाराला, काही सुचवा. 'पाळीवर आधारित' लिहायला हात धजत नाही.

जुनीवही
शब्द आपल्याकडे आहे: टीका. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे, आणि तिला कोणी गीतेची निंदा म्हणत नाही. गुण, दोष, अर्थ उलगडणं, सगळं त्या शब्दात होतं. आपण त्याला नुसतं दोष काढण्यापुरतं आणून ठेवलंय. अशा लेखांतूनच तो परत आणता येईल.

घाटमाथा
जुनीवही काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण 'खेळावरील टीका' असं शीर्षक वाचून आजचा वाचक काय समजेल? खेळाला झोडपलंय, हेच. सातशे वर्षांपूर्वीचा अर्थ एका उपशीर्षकाने परत येत नाही. शेवंती, 'परीक्षणांचा सूर' लिही. सूर गोड असतो, कडवट असतो, मिश्रही असतो.

सोंगटी
'सूर' छान आहे. पण मला 'पाळी'बद्दल बोलायचंय. हात का धजत नाही? आमच्या गावात पाटाच्या पाण्याची पाळी असते, देवळात पूजेची पाळी असते. आजोबा रात्री दोनला कंदील घेऊन निघायचे, 'आज आपली पाळी आहे' म्हणत. एका अर्थाला लाजून आपण सगळा शब्दच सोडून द्यायचा?

शेवंती
लाज नाही हो. 'वर आधारित' हे शेपूट खटकतं. 'कथेवर आधारित, पाळीवर आधारित, व्यूहावर आधारित' असं वाक्य मराठीत कोण बोलतं?

घाटमाथा
मग 'आळीपाळीने लढायचा खेळ' म्हण. किंवा 'खेळी'. बुद्धिबळात 'आता तुझी खेळी' म्हणतोच की.

जुनीवही
नाही. खेळी म्हणजे केलेली चाल. पाळी म्हणजे चाल करण्याचा हक्क. पाळी आपली असूनही खेळी सुचत नाही, असं होऊ शकतं. इंग्रजीतही टर्न आणि मूव्ह वेगळेच आहेत.

डबलबारीवाला
इतका वेळ वाचतोय आणि नवल वाटतंय की कोणी 'बारी' म्हटलं नाही! मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे भजनाची डबलबारी होते. समोरासमोर दोन बुवा, प्रत्येकाचा पखवाज, प्रत्येकाचे साथीदार. एक बुवा गाऊन सवाल टाकतो, मग दुसऱ्याची बारी. उजाडेपर्यंत चालतं. लहानपणी मी मांडवात झोपून जायचो आणि गजर वाढला की दचकून उठायचो.

हा खेळ मी खेळलोय, म्हणून सांगतो, यातली लढाई म्हणजे डबलबारीच आहे. दोन्ही बाजूंना एकाआड एक चाल मिळते, मग माणसं कितीही असोत. तुमचे सहा उभे आणि शत्रूचे दोन उरलेत, तरी तुमचा एक, त्यांचा एक, तुमचा एक, त्यांचा एक. म्हणजे त्यांच्या दोघांना फिरून फिरून बारी येते आणि तुमचा सहावा गडी ताटकळतो. मागे साथीदार चार की चौदा, याने बुवाची बारी वाढत नाही ना, तसंच.

शेवंती
अगदी हेच! आणि परीक्षणांत भांडण होतं तेही नेमकं यावरच. या खेळात ताकद आणि जीव एकच आकडा आहे. जखमी झालेला शत्रू दुबळा वार करतो. म्हणून त्याला मारून टाकण्यापेक्षा अर्धमेला सोडणं फायद्याचं, कारण तो फुकट बारी खात राहतो. मारलात, तर ती बारी त्याच्या धडधाकट सोबत्याला लवकर मिळते. काहींना हे उफराटं वाटलं: शत्रू मारल्याची शिक्षा का? मला ते खेळातलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम वाटतं. शेवटचा एकच उरला की मग नियम सुटतो आणि तुमचे सगळे त्याच्यावर तुटून पडतात. एरवी जिंकत आलेली बाजूही निवांत होऊ शकत नाही. सगळं सोडून पळालेल्या माणसांच्या गोष्टीला हे शोभतं.

जुनीवही
वर्णन सुरेख, पण 'बारी' हिंदी आहे. संस्कृत 'वार'मधला 'व' मराठी राखते, हिंदी त्याचा 'ब' करते. वीस–बीस, वाट–बाट, वीज–बिजली. मराठी वळणाने तो 'वारी' व्हायला हवा. 'ब' आहे म्हणजे शब्द उत्तरेकडून आलाय. आपला शब्द 'वार'. गरीब मुलं वार लावून जेवत आणि शिकत. आज या घरी, उद्या त्या घरी. तो वार म्हणजे पाळीच. पंढरीची वारी म्हणजे फिरून फिरून जाणं, तीही याच कुळातली असं माझं मत आहे.

डबलबारीवाला
आला असेल उत्तरेकडून. आल्याला किती पिढ्या झाल्या? तमाशाची संगीत बारी काय हिंदी आहे? आणि आमच्या शब्दात तर 'डबल' इंग्रजी आहे. कोकणातल्या एकाही बुवाला त्याची अडचण झालेली नाही. जो शब्द उच्चारला की मांडव भरतो, तो मराठी नाही हे मी मान्य करणार नाही.

जुनीवही
मराठी नाही असं मी म्हटलं नाही. आपला जुना असताना दुसरा का धरायचा, एवढाच प्रश्न आहे.

सोंगटी
कारण 'वारावारीने लढाई' लिहिलं तर लोक तलवारीचे वार समजतील!

घाटमाथा
लढाईच आहे, समजू देत. दोन्ही अर्थ लागू पडतात.

मला 'सागा'बद्दलही बोलायचंय. या शब्दावरून तेव्हा खरंच कायद्याचा वाद झाला होता. 'कँडी क्रश सागा' हा मोबाइलवरचा खेळ काढणाऱ्या किंग कंपनीने स्टोइकच्या खेळाच्या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करायला २०१४च्या सुमाराला हरकत घेतली. काही महिन्यांत तडजोड झाली. युरोपच्या उत्तरेकडच्या लोकांनी शतकानुशतकं वापरलेला शब्द कोणा एकाचा कसा होईल? सागा म्हणजे मुळात 'सांगितलेलं'. आपलं 'सांगणं' आणि त्यांचं 'सागा' एकच असणार, मला तरी खात्री वाटते.

जुनीवही
खात्री वाटणं वेगळं, पुरावा वेगळा. सागा हा इंग्रजी 'से'चा भाऊबंद आहे, इतकं ठीक. 'सांगणे'शी फक्त आवाज जुळतो. भाषांतर हवं तर 'बखर' घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमाराला जिंजीला लिहिली ती बखरच. घराणी, लढाया, कोण पडला, कोण उरला, सगळं तिच्यात असतं.

डबलबारीवाला
'निशाणाची बखर'! त्या मंडळींच्या निशाणावर त्यांच्या घराण्यांची हकिगत विणलेली असते. चालताना पडद्यावर ते लांबच लांब कापड फडफडत राहतं.

सोंगटी
आणि त्यांच्या त्या चालत्या वस्तीला काफिला म्हणू नका. तांडा म्हणा. बैल, गाड्या, बायकामुलं, वाटेत संपणारं धान्य. आमच्या गावाबाहेर ऊसतोडीला येणाऱ्या लोकांच्या गाड्या उतरायच्या, तेच चित्र मला दिसतं.

शेवंती
तांडा घेतला. बारीही घेतेय, जुनीवही काका, रागावू नका. 'वार' लेखात एकदा वापरीन, जिथे दोन्ही अर्थ लागतात तिथे. लेख उद्या द्यायचाय आणि उपशीर्षकाची जागा अजून कोरीच आहे. 'सूर' की 'टीका'?

वऱ्हाडकर
उशिरा आलो. आमच्याकडे बारीही नाही आणि पाळीही नाही. आम्ही पोरं म्हणायचो, 'आता माह्या डाव.' डाव दिला, डाव घेतला, डाव बाकी राहिला. संध्याकाळ झाली म्हणून आई घरी ओढून न्यायची, तेव्हा डाव बाकी असलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पहाटेच दारात उभा राहायचा. डाव या शब्दावर कोणी का बोललं नाही?

जुनीवही
डाव म्हणजे पूर्ण खेळ की त्यातली एक पाळी, हे आधी ठरवावं लागेल.