मदत हवी आहे: नानांचं बुबुळ बदलायचंय, पण बुबुळाचा नुसता आतला पडदा बदलून का नाही चालत?

राम राम मंडळी, चोपडा तालुक्यातून लिहितोय. नाना (वडील, वय ६२) मागच्या फेब्रुवारीत चिमट्याने पऱ्हाट्या उपटत होते, एक काडी सटकन सुटली ती उजव्या डोळ्यात. पाण्याने धुतला, दुकानातून ड्रॉप आणला (स्टिरॉइडचा होता हे फार उशिरा कळलं, चूक आमचीच), आठ दिवसात डोळा लालभडक आणि मधोमध पांढरा ठिपका. बुरशी निघाली. नाटामायसिन (बुरशीचे ड्रॉप) सुरुवातीला दर तासाला, रात्री मी आणि आई आलटून पालटून उठायचो. जखम भरली पण फूल (पांढरा डाग) पडलं, आता त्या डोळ्याने समोर धरलेली बोटं मोजतात तेवढंच.

डॉक्टर म्हणतात वरचे थर गेलेत, आतला चांगला निघाला तर डाल्क (म्हणजे आतला थर नानांचाच ठेवून वरचे बदलायचे), नाहीतर आख्खं बुबुळ बदलू, ते टेबलावरच कळेल. आता भुसावळच्या ताईच्या सासूबाईंचं मोतीबिंदूनंतर बुबुळ सुजलं होतं, त्यांचं डीमेक (बुबुळाचा फक्त आतला पडदा बदलणं) झालं, हवेचा फुगा सोडून उताणं झोपवलं आणि दीड महिन्यात पोथी वाचायला लागल्या. नाना म्हणे "तिले पडदा आन माले ठिगय, आसं कसं रे भो?" मला काही सांगता येईना. रक्तगट जुळवावा लागतो का?

धुळेकर_ऑप्टो: भाऊ, बुबुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यातला नव्वद टक्के भाग म्हणजे मधला स्ट्रोमा, त्यातले तंतू एकदम ओळीत असतात म्हणून आरपार दिसतं. नानांचं फूल तिथे आहे, विस्कटलेले तंतू परत ओळीत येत नाहीत. सगळ्यात आत पेशींचा एकच थर असतो, तो बुबुळातलं पाणी सतत उपसतो आणि त्या पेशी मेल्या की नवीन तयार होत नाहीत. सासूबाईंची काच (स्ट्रोमा) चांगली होती, मोटार (हा आतला थर) जळाली. नानांची मोटार बहुतेक चालू, काच गेली. मोटार बदलून काय उपयोग? डाल्कमध्ये स्वतःची मोटार राहते, म्हणून तो थर शरीराने नाकारायचा प्रश्नच येत नाही. रक्तगट सहसा बघत नाहीत, बुबुळात रक्तवाहिन्याच नसतात. पण अशा जखमेनंतर कधी कधी बाहेरून आत शिरतात आणि मग नाकारायचा धोका वाढतो, तेवढं नक्की विचारा.

पारोळ्याची_मीना: माझ्या मिस्टरांचं आख्खं बदललं. केसापेक्षा बारीक नायलॉनचे १६ टाके, वर्षाच्या वर ठेवले. एक सैल झाला तर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं, आम्ही बाजाराचा दिवस म्हणून थांबलो, तसं करू नका. लाली, धूसर, उजेड सहन न होणं, काहीही झालं तरी त्याच दिवशी गाडी पकडा. आणि शेतात चष्म्याशिवाय नाही म्हणजे नाही.

चोपडा_केळीवाला: धन्यवाद दोघांना. मोटारीचं नानांना लगेच पटलं. आता म्हणे "मंग मन्ही मोटार चालू शे का नई ते आधी इचार."

धुळेकर_ऑप्टो: बरोबर बोलले 😄 पेशी मोजायचं मशीन फुलातून बऱ्याचदा बघू शकत नाही, म्हणून टेबलावर कळेल म्हणाले असतील. फूल किती खोल गेलंय ते बुबुळाच्या ओसीटी स्कॅनमध्ये दिसतं, तो झाला नसेल तर विचारा.