पाऊस लागला की प्लेटवर काळी बुरशी. काय करू?

खाडीकाठची:
नवी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये प्रोजेक्टवर आहे. ऐरोलीच्या खारफुटीतला चिखल आणायचा आणि त्यातून सेल्युलोज पचवणारे जिवाणू वेगळे करायचे, हे काम. परवानगी, ओहोटीची वेळ, गुडघाभर चिखल, सगळं जमलं. मे महिना छान गेला. आता सीएमसी अगारच्या (सेल्युलोजचं खाद्य घातलेल्या जेलीच्या) 10 प्लेट केल्या तर 6-7 वर तिसऱ्या दिवशी काळी बुरशी. परवा काँगो रेड रंग ओतला (सेल्युलोज पचलेलं असतं तिथे फिकं वलय दिसतं) तर सगळ्यात मोठं वलय तिच्याच भोवती! ओरडणारच होते आनंदाने, मग नीट पाहिलं. सर म्हणतात, तुझा हात स्वच्छ नाही. लॅमिनारमध्येच (गाळलेल्या हवेच्या कपाटात) काम करते, 70 टक्के अल्कोहोलने हाताची सालं निघालीत. रात्री 9 ला कळव्याला पोचले की आई विचारते, आज काय केलंस? काय सांगू?

सानपाडा_लोकल:
ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं भांडं) बघा. काटा 15 पौंडांवर आला म्हणजे आत 121 अंश झाले असं नाही. हवा अडकली तर दाब दिसतो, तापमान गाठत नाही. वाफ सलग सुटेपर्यंत झडप उघडी ठेवा.

जुना_ऑटोक्लेव्ह:
ऑटोक्लेव्ह नसावा. तो कच्चा राहिला असता तर आधी बॅसिलस, म्हणजे उष्णतेला दाद न देणारे बीजाणू करणारा जिवाणू, उगवला असता. बुरशीचे बीजाणू त्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेत मरतात.

पोरी, मला एवढं सांग, बुरशी स्ट्रीकच्या (तारेने नमुना ओढलेल्या) रेघेवर येते की रेघ सोडून? रेघेवर असेल तर चिखलातूनच आली. खाडीचा चिखल आहे तो, गंगाजल नव्हे. रेघ सोडून असेल तर वरून पडली.

मग 4 कोऱ्या प्लेट ओत. एक न उघडता ठेव. बाकीच्या अर्धा अर्धा तास उघड्या: एक लॅमिनारमध्ये, एक टेबलावर, एक इन्क्युबेटरच्या (प्लेट वाढवायच्या उबदार कपाटाच्या) आत. 2011 च्या पावसाळ्यात ठाण्याच्या लॅबमध्ये मी महिनाभर स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या. निघालं काय, तर फ्लास्कचे कापसाचे बोळे ओले! ओल्या कापसातून बुरशी वाढत वाढत थेट आत. तेव्हापासून बोळ्यावर कागद बांधल्याशिवाय मला झोप येत नाही. आणि प्लेट उलट्या ठेवतेस ना? झाकणाचा एक थेंब पडला की एका वसाहतीच्या दहा.

निस्टॅटिन हे बुरशीनाशक घाल, असं कुणीतरी सांगेलच. जरूर घाल, पण उगम सापडल्यावर. आत्ता घातलंस तर चोर दडून बसेल.

कोपरखैरणेकर:
बुरशी निदान वेळेवर तरी येते. जेआरएफ (संशोधकांची फेलोशिप) 2023 पासून महिना 37,000 झाली, माझी 4 महिन्यांची अजून वाटेतच आहे.

जुना_ऑटोक्लेव्ह:
त्यासाठी वेगळा धागा काढ बाबा. तिथेही येतो मी, माझीही जुनी बाकी आहे.

खाडीकाठची:
सर, बुरशी रेघ सोडूनच होती. न उघडलेली प्लेट: 0. लॅमिनार: 1. टेबल: 9. इन्क्युबेटर: मोजताच येईना, प्लेट काळी.

सगळे कप्पे बाहेर काढले. सगळ्यात खाली, मागे, बीएस्सीच्या मुलांनी बुरशी दाखवायला ठेवलेला पावाचा तुकडा. पिशवीचं तोंड उघडं. आतल्या पंख्याने सगळीकडे उधळण केलेली. मे महिन्यात खडखडीत वाळला असणार, पावसात पुन्हा तरारला. लॅबच्या मामांना विचारलं तर म्हणाले, "रोज बघत होतो मॅडम, मला वाटलं तुमचाच प्रयोग आहे."

आमच्या लॅबच्या सरांना सांगितलं. ते "हं" म्हणाले.

आता आतून अल्कोहोलने पुसलं तर भागेल का?

जुना_ऑटोक्लेव्ह:
नाही. पातळ ब्लीच लाव, 10 मिनिटं थांब, मग साध्या पाण्याने पूस, नाहीतर पत्रा गंजेल. अल्कोहोल सगळ्यात शेवटी, पंखा आणि स्विच बंद करून. आणि तो पाव कचऱ्यात टाकू नकोस, आधी ऑटोक्लेव्ह कर.