शब्दचर्चा : कर्बोदके की पिष्टमय पदार्थ? मेद, वसा की लिपिड?

विचारणा

मधुमेहाच्या रुग्णांसाठी तयार होत असलेल्या एका आहारपुस्तिकेचा मराठी मजकूर मी सध्या तपासत आहे. त्यात कार्बोहायड्रेटसाठी कुठे ‘कर्बोदके’ तर कुठे ‘पिष्टमय पदार्थ’ असे छापले आहे, आणि फॅट व लिपिड या दोन्हींसाठी ‘मेद’, ‘स्निग्ध पदार्थ’ आणि ‘वसा’ हे तीन शब्द आलटून पालटून आले आहेत. शाळेपासून कानांवर असल्यामुळे ‘पिष्टमय’ हा शब्द मला जवळचा वाटतो, परंतु मधाला किंवा गुळाला पिष्टमय म्हणणे खटकते. हे शब्द खरोखर समानार्थी आहेत का?

प्रतिसाद

आपल्याला खटकले ते योग्यच आहे. ‘पिष्ट’ म्हणजे दळलेले, वाटलेले. आपले ‘पीठ’ याच शब्दापासून आले. रसायनशास्त्रात पिष्ट म्हणजे स्टार्च, आणि स्टार्च हा कार्बोहायड्रेटांच्या मोठ्या कुटुंबातला केवळ एक सदस्य आहे.

कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना हे कुटुंब डोळ्यांसमोर उलगडते. भिजवलेले गहू वाटून, पाण्यात कालवून फडक्यातून गाळले की खाली जो पांढरा चीक बसतो तो मुख्यतः स्टार्च असतो. त्याचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत आणि पाण्याहून जड असतात, म्हणून ते तळाशी जातात. फडक्यात उरलेल्या चोथ्यात सेल्युलोज असते. स्टार्च आणि सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच रेणूंची लांब साखळी आहेत, फक्त दोन रेणूंना जोडणारा बंध वेगळ्या बाजूला वळलेला असतो. एवढ्याशा फरकामुळे आपली पाचकद्रव्ये चिकाची साखळी तोडू शकतात आणि चोथ्यातल्या सेल्युलोजची तोडू शकत नाहीत. आयोडीनचा थेंब टाकला तर चीक निळाकाळा होतो, सेल्युलोज मात्र तो रंग देत नाही. म्हणजे चीक, चोथ्यातले सेल्युलोज आणि साखर ही तिन्ही कर्बोदके आहेत, पण त्यांतले पिष्ट एकच. रुग्णाला ‘पिष्टमय पदार्थ मोजून खा’ असे सांगितले तर तो भात आणि भाकरी मोजेल व मध मोकळ्या हाताने घेईल, ही मला या शब्दातली सर्वांत गंभीर अडचण वाटते.

‘कर्बोदक’ हा कर्ब आणि उदक यांचा संधी आहे. ‘कर्ब’ हा शब्द माती परीक्षणाच्या अहवालातल्या ‘सेंद्रिय कर्ब’मुळे शेतकऱ्यांनाही परिचयाचा आहे, त्यामुळे ही घडण मला फार सुरेख वाटते. या नावामागे एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांचे एक निरीक्षण आहे. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणजे हिशेबापुरते ६ कार्बन आणि पाण्याचे ६ रेणू. साखरेवर तीव्र गंधकाम्ल ओतले की हायड्रोजन व ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघून जातात आणि काळा, सच्छिद्र कोळसा फुगून वर येतो, तेव्हा हे नाव अक्षरशः खरे ठरल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात मात्र रेणूत पाणी पाणी म्हणून नसते. डीएनएमधील डीऑक्सिरायबोज ही शर्करा या हिशेबात बसत नाही, कारण तिच्यात ऑक्सिजनचा एक अणू कमी असतो. उलट व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल हिशेबात बसते, पण ते कर्बोदक नाही. म्हणून ‘कर्बोदक’ हे नाव म्हणून वापरावे, त्याची फोड करून व्याख्या काढू नये.

पुरवणी

‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे, रेती असा आहे, आणि आयुर्वेदात मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही शर्करा म्हटले आहे. दाणेदार साखरेला पुढे हेच नाव मिळाले, आणि ग्रीक व लॅटिनमार्गे त्यातूनच युरोपीय शास्त्रभाषेतला ‘सॅकराइड’ तयार झाला. त्यामुळे मोनोसॅकराइडला ‘एकशर्करा’ आणि पॉलिसॅकराइडला ‘बहुशर्करा’ म्हणताना आपण परका शब्द मराठीत ओढून आणत नसून आपलाच शब्द परत घेत आहोत.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

कर्बोदकांचा प्रश्न सुटला. मग कोलेस्टेरॉलला मेद म्हणावे का?

प्रतिसाद

माझ्या मते म्हणू नये. मेद हा आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी एक, आणि आजच्या वापरात तो फॅटसाठी पक्का बसला आहे. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांचे (फॅटी ॲसिडचे) तीन रेणू जोडले गेले की हा मेद तयार होतो. लिपिड हा गट मात्र रचनेवरून ठरलेला नाही, वागणुकीवरून ठरलेला आहे: सजीवांतली जी द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, पण ईथर किंवा क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळतात, ती लिपिडे. त्यात तेल-तूप येते, मेण येते, पेशीपटलातली फॉस्फोलिपिडे येतात आणि रचनेने अगदीच निराळे असलेले कोलेस्टेरॉलही येते. एवढ्या भिन्न द्रव्यांना सामावणारा जुना शब्द आपल्याकडे नाही, तेव्हा ‘लिपिड’ तसाच ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. रक्ततपासणीच्या निमित्ताने तो लोकांच्या तोंडी आलेलाही आहे.

‘स्निग्ध पदार्थ’ स्वयंपाकघराच्या संदर्भात उत्तम आहे, कारण तो स्पर्श सांगतो. ‘वसा’ मात्र मी टाळेन. चरकसंहितेत घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत, तेव्हा शब्द जुना आणि नेमका आहे. परंतु ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ हे ऐकत वाढलेल्या वाचकाच्या मनात वसा म्हणजे व्रतच येणार.

‘तेल’ या शब्दाविषयीही सावध राहावे. तो तिळापासून निघाला आणि खोबरेल, एरंडेल असा पसरत थेट खनिज तेलापर्यंत पोहोचला, जे लिपिड नाहीच. शिवाय पुस्तिकेत ‘तूप संपृक्त (सॅच्युरेटेड), तेल असंपृक्त (अनसॅच्युरेटेड)’ असे सरसकट वाक्य असेल तर ते दुरुस्त करावे लागेल, कारण खोबरेल तेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. संपृक्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. असंपृक्त मेदाम्लात दुहेरी बंधापाशी बाक येतो आणि साखळ्यांना तसे जवळ बसता येत नाही. म्हणूनच पारा २४ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की खोबरेल थिजते, शेंगदाण्याचे तेल मात्र पातळ राहते. पाणी गोठते आणि तेल-तूप थिजते हा भेद मराठीने क्रियापदातच जपलेला आहे, म्हणून पुस्तिकेत ‘तेल गोठते’ असे कुठे आले असेल तर तेही बदलावे.