कॉस्टेलोचे जुने शब्द, 'द रूट्स'चा ताल : याला सहकार्य म्हणावे का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

ब्रिटिश गायक-गीतकार एल्व्हिस कॉस्टेलो आणि फिलाडेल्फियाचा 'द रूट्स' हा हिप-हॉप बँड यांनी मिळून केलेला 'वाइज अप घोस्ट' हा अल्बम सप्टेंबर 2013 मध्ये ब्लू नोट कंपनीने प्रसिद्ध केला. त्याचा विषय निघाला की चांगले कानसेनही 'जुनेच शब्द पुन्हा वापरले' एवढा एक आक्षेप घेऊन मोकळे होतात. मला मात्र हा आक्षेप हीच त्या अल्बमची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कॉस्टेलोचा पहिला अल्बम 1977 चा. 'द रूट्स' 2009 पासून जिमी फॅलनच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वाजवू लागले. तिथे कॉस्टेलो पाहुणा म्हणून येत असे आणि त्याची जुनी गाणी ही मंडळी लय पार बदलून त्याच्याबरोबर वाजवत असत. त्या ओळखीतून कॉस्टेलो, ड्रमर क्वेस्टलव्ह आणि निर्माता स्टीव्हन मँडेल या तिघांनी हा अल्बम उभा केला.

आता मुख्य मुद्दा. हिप-हॉपची रीतच अशी, की जुन्या तबकडीतला एखादा तुकडा कापायचा, तो फिरवत ठेवायचा आणि त्यावर नवे काही रचायचे. इथे ही रीत कॉस्टेलोने स्वतःच्याच कवितेला लावू दिली. 'स्टिक आउट युअर टंग' या गाण्यात 1983 च्या 'पिल्स अँड सोप'चे शब्द आहेत, 'रिफ्यूज टु बी सेव्ह्ड'मध्ये 1991 च्या 'इन्व्हेजन हिट परेड'चे, आणि 'वेक मी अप'मध्ये 'बेडलम'च्या जोडीला 'द रिव्हर इन रिव्हर्स'चे. यांतले 'द रिव्हर इन रिव्हर्स' हे गाणे 2005 च्या कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाल्यानंतर लिहिलेले आहे. 'पिल्स अँड सोप'मधला थॅचरच्या ब्रिटनविषयीचा संताप आणि बुडालेल्या अमेरिकी शहराचा संताप एकाच तालाच्या चक्रात येतात, तेव्हा त्या शब्दांवरची तारीख पुसली जाते. त्यातही 'पिल्स अँड सोप' हे गाणे कॉस्टेलोला सुचले ते ग्रँडमास्टर फ्लॅशच्या 1982 च्या 'द मेसेज'मुळे, आणि हे त्याने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे हिप-हॉपकडून घेतलेली ठिणगी 30 वर्षांनी तिच्या घरी परतली.

जुनी तबकडी

आपला युक्तिवाद देखणा आहे, पण तो एका मोठ्या अनुपस्थितीवरून अलगद पुढे सरकतो. 'द रूट्स'चे दोन संस्थापक आहेत, क्वेस्टलव्ह आणि ब्लॅक थॉट. त्यांपैकी ब्लॅक थॉट हा अमेरिकेतील श्रेष्ठ रॅपरांपैकी एक आहे, आणि या संपूर्ण अल्बममध्ये त्याचा एकही अंतरा नाही. हिप-हॉपचा प्राण शब्दांत असतो, आणि इथे शब्द उच्चारण्याचा अधिकार केवळ एकाच माणसाकडे राहिला आहे. तोही असा माणूस, ज्याने ते शब्द आधीच दोन-तीनदा गायलेले आहेत. मग बँडच्या वाट्याला उरते ती साथसंगत. साथसंगत उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मुखपृष्ठावर दोन नावे शेजारी छापली, एवढ्यावरून दोघांचे बोलणे झाले असे मी मानत नाही.

शिवाय, 1979 साली अमेरिकेतील ओहायो राज्यात दारूच्या नशेत कॉस्टेलोने जेम्स ब्राउन आणि रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकांविषयी अत्यंत हीन वंशद्वेषी शब्द वापरले होते, हे विसरता येत नाही. त्याने जाहीर माफी मागितली, आणि त्याआधीच्या वर्षी तो लंडनमध्ये वंशवादविरोधी मैफलीत गायला होता, हेही खरे. तरीही ज्याच्या इतिहासात ही नोंद आहे, त्याने कृष्णवर्णीय बँडबरोबर काम करताना दुसऱ्या आवाजाला जागा देणे अधिक गरजेचे होते, असे मला मनापासून वाटते.

मात्रा

मी ड्रम शिकलो आहे, म्हणून फक्त तालाविषयी लिहितो. 'साथसंगत' हा शब्द मला मान्य नाही.

कॉस्टेलोचा जुना ड्रमर पीट थॉमस लय पुढे रेटणारा होता. 1978 च्या आसपासची गाणी ऐकली की शब्द आणि ड्रम एकमेकांशी शर्यत लावून धावताहेत असे वाटते. क्वेस्टलव्ह याच्या अगदी उलट वाजवतो. त्याचा स्नेअर (ड्रमसंचातला कडक आवाजाचा ड्रम) कोरडा, आखूड, आणि ठोका किंचित मागे रेंगाळणारा. भराभर शब्द ओतण्याची सवय असलेल्या कॉस्टेलोला त्यामुळे थांबावे लागते, ओळ तोडावी लागते, कधी अर्धी ओळ गिळून पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. 'वॉक अस अपटाउन' हे पहिलेच गाणे या दृष्टीने पुन्हा ऐकावे. गायकाने श्वास कुठे घ्यायचा हे जो ठरवतो, त्याला साथीदार कसे म्हणावे? आपल्याकडे तीच बंदिश मध्यलयीतून विलंबितात नेली, तर तिचा अर्थच वेगळा उमलतो. इथेही तसेच घडले आहे, आणि ते ड्रमरने घडवले आहे.

जुनी तबकडी

मात्रा यांचा मुद्दा मी स्वीकारतो. 'साथसंगत' हा शब्द उणा होता आणि तो मी मागे घेतो. पण बंदिशीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. बंदिश पिढ्यान्‌पिढ्या अनेक गळ्यांतून गेलेली असते, म्हणून ती कोणा एकाची उरत नाही. इथे गळा एकच आहे.

रात्रपाळी (धागाकर्ता)

गळा एकच आहे, हे पूर्णपणे खरे नाही. 'सिंको मिनुतोस कोन वोस' या गाण्यात 'ला सांता सेसिलिया' या लॉस एंजेलिसच्या बँडची गायिका ला मारिसोल स्पॅनिशमध्ये गाते. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंड युद्धाच्या काळात कॉस्टेलोने 'शिपबिल्डिंग'चे शब्द लिहिले, त्यात ब्रिटिश जहाजबांधणी कामगारांची व्यथा होती. या गाण्यात तो त्याच काळाकडे पलीकडच्या किनाऱ्यावरून पाहतो. लष्करी राजवटीने विमानातून फेकून दिलेला बाप आणि त्याची वाट पाहणारी मुलगी, अशी ती कथा आहे. संपूर्ण अल्बममध्ये मला सर्वाधिक अस्वस्थ करणारे गाणे हेच.

ब्लॅक थॉटची उणीव मात्र मी नाकारत नाही. 1979 च्या प्रसंगाचा संबंध त्या उणिवेशी जोडणे मला पटत नाही, कारण कोणाबरोबर काय वाजवायचे हा निर्णय बँडचाही होता, आणि तो त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतला असेल असे मानणे हाच त्यांचा मान राखणे आहे. 2008 साली क्वेस्टलव्हने गायक अल ग्रीनच्या अल्बमची सहनिर्मिती केली. 2010 साली 'द रूट्स'नी गायक जॉन लेजंडबरोबर जुनी सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचा एक संगीतप्रकार) गाणी नव्याने केली. दुसऱ्याच्या भांडारात शिरून तिथल्या वस्तू नव्याने मांडणे ही त्यांची स्वतःची आवड आहे, आणि 'वाइज अप घोस्ट' त्याच ओळीतला आहे.

जुनी तबकडी

बँडच्या निर्णयाचा मान राखायला हवा, हे मान्य, आणि त्या बाबतीत माझे वाक्य अधिक जपून लिहायला हवे होते. सिंको मिनुतोसविषयीही दुमत नाही. तरीसुद्धा शीर्षकगीत ऐकताना मी तिथेच अडखळतो. 2003 च्या 'कॅन यू बी ट्रू?'मधल्या तंतुवाद्यांचा तुकडा त्यात अखंड फिरत राहतो, त्यावर ड्रम चढत जातात, आवाज वाढत जातो, आणि प्रत्येक वेळी मला वाटते की आता दुसरा कोणीतरी बोलेल. सहा मिनिटे उलटून जातात, आणि तो बोलत नाही.