‘जैसे थे’ची झेरॉक्स शटरवर चिकटवली की शेड अधिकृत होते का?

गंगेकाठचा
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की अधिकाऱ्यांचा भरवसा सोडा, प्रत्येक अनधिकृत बांधकामावर थेट कोर्टाची देखरेख बसवा, नोएडाचे जुळे टॉवर बघा. बघितले. हायकोर्टाने २०१४ साली पाडा म्हटलं, सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २०२१ ला पुन्हा म्हटलं, पडले २८ ऑगस्ट २०२२ ला. आणि तो देशभर गाजलेला खटला!

आता आमची नाशिकची गल्ली ऐका. शेजारच्या बंगल्याच्या साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, आधी पत्रे आले, मग विटा, मग शटर. महापालिकेची नोटीस निघाली. चार दिवसांत शटरवर लॅमिनेशन केलेला कागद झळकला: ‘जैसे थे’, म्हणजे आहे ते तसंच ठेवा असा कोर्टाचा आदेश. जेसीबी घेऊन पथक आलं, साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि वरात परत गेली. दीड वर्ष हेच. शेवटी मीच गुडघे टेकून तो कागद वाचला. झेरॉक्स मारताना खालची ओळ कापलेली, नुसत्या शिरोरेषा दिसत होत्या. तिऱ्हाईत म्हणून अर्ज केला, कारण लिहिलं, नक्कल काढली. कापलेली ओळ होती ‘पुढील तारखेपर्यंत’. ती तारीख कधीच उलटली होती आणि निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्जसुद्धा नामंजूर होऊन आठ महिने झाले होते.

कोर्टाची देखरेख म्हणजे रस्त्यावर पोचलेला कागद. तो कागदच खोटारडा असेल तर न्यायाधीश साहेब आतमध्ये काय करणार?

काळा_कोट
कोर्टाचं रेकॉर्ड शाबूत होतं म्हणूनच तुम्हाला नक्कल मिळाली ना? खोट शेजाऱ्यात आणि न विचारणाऱ्या साहेबात. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की कुठली तारीख, काय आदेश, सगळं समोर येतं. दोन मिनिटांचं काम. बरं, ‘जैसे थे’ दोघांनाही लागू असतं, तुम्ही पाडू नका आणि त्यानेही वीट चढवू नये. त्याने विटा चढवल्या असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३९ नियम २-अ आहे, मालमत्ता जप्त होते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे. उगाच कोर्टावर घसरू नका.

सिडकोवाली_ताई
सगळ्यांना बंगल्याच्या साइड मार्जिनचं दुःख. आमचं सिडकोचं घर, दोन खोल्या. सासू-सासरे, दीर, तीन पोरं. वर एक खोली चढवली तर आम्ही ‘अनधिकृत’. आणि तिकडे गंगापूर रोडला बिल्डरांनी फ्लॅटला कपाटांच्या नावाखाली जादा जागा काढली, त्यांच्यासाठी अख्खं सरकार कामाला लागलं. तो काय न्याय?

कपाटग्रस्त
ताई, कपाटावर बोलायचं तर आधी भोगलं पाहिजे. मी फ्लॅट घेतला तेव्हा कपाट चटईक्षेत्रात धरतात हे मला काय माहीत? बिल्डर म्हणाला, सगळ्यांचीच असतात. पूर्णत्वाचा दाखला अडकला तो अडकलाच. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न दाखल्याचा. पुढे २०१७ ला नगररचना कायद्यात (एमआरटीपी) कलम ५२-अ आलं, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतचं बांधकाम दंड भरून नियमित. आमच्या सोसायटीत दंड कोणी भरायचा यावर अजून सभा चालू आहे. बिल्डर फोन उचलत नाही.

सिडकोवाली_ताई
दंड भरून तरी सुटता तुम्ही. आणि कपाट कसलं, खोलीच आहे ती. माझ्या नणंदेकडे बघितलंय मी, आत सिंगल पलंग बसतो.

कपाटग्रस्त
पलंग बसत नाही.

सिडकोवाली_ताई
बसतो.

दुतोंड्या
पलंग-कपाट सोडा, पूररेषेवर कोणी बोलेल का? २००८ ला आमच्या दुकानात गल्ल्यापर्यंत पाणी होतं, २०१९ ला पुन्हा माल वर चढवला. निळी रेषा, लाल रेषा कागदावर छान रंगवलेल्या आहेत. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की कळतं रेषा कुठे आहे ते.

गंगेकाठचा
@काळा_कोट, दोन मिनिटांचं काम पथकाने दीड वर्षात केलं नाही, माझा मुद्दा तोच आहे. आणि अपलोड झालेल्या कागदावर तुमचा एवढा विश्वास? २०१९ चं एरिक्सन-अनिल अंबानी अवमान प्रकरण आठवा. अंबानींना हजेरी माफ ‘नाही’ असा आदेश, वेबसाइटवर गेला तेव्हा ‘नाही’च गळालेलं. सुप्रीम कोर्टातलं हे, आपल्या सीबीएस स्टँडसमोरच्या जिल्हा कोर्टातलं नव्हे.

काळा_कोट
आणि त्याच कोर्टाने दोन कर्मचारी बडतर्फ केले, तेही महिन्या-दीड महिन्यात. कोर्टाचं रेकॉर्ड बनावट करणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३३७, सात वर्षांपर्यंत. यंत्रणा चालली की नाही?

गंगेकाठचा
चालली, कारण समोर तगडा पक्षकार होता, त्याचे वकील शब्द न् शब्द वाचत होते. माझ्या गल्लीत शिरोरेषा वाचायला मी एकटा, तोही निवृत्त म्हणून.

नवा_मेंबर
मग अंबड लिंक रोडचा भंगार बाजार? २०१७ च्या जानेवारीत साफ केला, पुन्हा बसला, २०२५ ला पुन्हा काढला. त्यात कोणाची झेरॉक्स होती?

काळा_कोट
हे मात्र बरोबर. कोर्ट आदेश देतं, रोज सकाळी हातगाडी हाकलायला येत नाही. बाकी @गंगेकाठचा, एक कबूल करतो, उगाच चिडलो. स्टे उठल्याचा कागद नोटीस काढणाऱ्याच्या टेबलावर आपोआप पोचायची सोय नाही. महापालिकेच्या वकिलाने कळवायचं, त्याने नाही कळवलं की झालं. अशिलाला स्टे मिळाला की मी स्वतः पेढे खातो, उठला की फोन कोणी करत नाही. लिहा आता स्क्रीनशॉट काढून.

गंगेकाठचा
काढला.

काळा_कोट
नक्कल हातात आहे ना? मग अर्जासोबत ती जोडा आणि आवक शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही. महापालिकेला कॅव्हेट टाकायला सांगा, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज, नाहीतर शेजारी वरच्या कोर्टात जाऊन नवा कागद आणेल. नव्वद दिवस चालतं.

सिडकोवाली_ताई
वकीलसाहेब, ते ५२-अ सिडकोच्या घरांना लागतं का? आमची खोली २०१३ ची आहे. लाइट बिल आहे तेव्हाचं.

काळा_कोट
ताई, नकाशा बघितल्याशिवाय सांगणार नाही. फुकट तर अजिबात नाही.

कपाटग्रस्त
आत्ता टेप लावून आलो. पलंग बसत नाही. पाच इंच कमी पडतात.